‘अहो, छोटंसंच तर आहे!’

पाठीवर करंगळीच्या नखाएवढा तीळ होता, तो काढायचा होता. “अर्ध्या तासाचं काम, भूलही फक्त तेवढ्या जागेची,” एवढंच कानावर पडलं. संमतीपत्र हातात आलं तेव्हा मी टेबलावर पालथा झोपलो होतो. मान वाकडी करून, उशीवर कागद टेकवून सही ठोकली. वाचलं काय? चष्मा बाहेर पिशवीत!

मग सुई. अक्षरशः जाळ झाला. भुलीचं औषध आम्लधर्मी असतं, म्हणून आत जाताना काही सेकंद झोंबतं, हे नंतर कळलं. भूल चढली की दुखत नाही, पण दाबल्याचं, ओढल्याचं कळत राहतं, हेही नंतरच. दर ओढीला मला वाटे, भूल उतरली! तेवढ्यात केस जळल्यासारखा वास आला. जळत होतो मीच. रक्त थांबवायला बारीक रक्तवाहिन्या कॉटरीने, म्हणजे तापणाऱ्या विजेच्या उपकरणाने, शेकतात. डॉक्टरांचं रोजचंच ते, मला मात्र दरदरून घाम फुटला.

आणि शेवटी पाठीमागून आवाज: “सिस्टर, बायोप्सीला पाठवा.” काढलेला तीळ तपासणीला पाठवणं ही नेहमीची पद्धत. पण हे पालथ्या पडलेल्या माणसाला कोण सांगणार? रिपोर्ट येईपर्यंत माझी झोप उडाली. (रिपोर्ट नॉर्मल आला.)

डॉक्टरांचा हात उत्तम होता. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का, हेही त्यांनी आधी विचारलं होतं. तक्रार एवढीच, की आदल्या भेटीत दोन मिनिटं दिली असती तर हे सगळं सांगून झालं असतं. ‘सांगितलं की पेशंट घाबरतो’ हे मला पटत नाही. मी घाबरलो तो न सांगितलेल्या वासाला. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली मॉन्टगोमेरी खटल्यात म्हटलं, की कुठला धोका सांगायचा हे पेशंटच्या जागी असलेल्या समंजस माणसाला तो महत्त्वाचा वाटेल का, यावर ठरतं. खटला बाळंतपणाचा होता, पण तिळालाही तो लागू व्हायला काय हरकत आहे?

व्रणाचंच घ्या. कातडी नीट जुळावी म्हणून काप लांबट घेतात, साधारण रुंदीच्या तिप्पट. घरी बायकोने पट्टी उचलून टाके मोजले.

“सहा? एका तिळाला?”