लांग लांगचा डावा हात

2017 च्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये चिनी पियानोवादक लांग लांग पियानोवर बसला, तेव्हा त्याचा डावा हात दुखावलेला होता. कार्यक्रम रद्द केला असता तरी कुणी बोट दाखवलं नसतं. त्याने शेजारी मॅक्सिम लँडोला बसवलं. वय 14. त्याच्याच फाउंडेशनने हेरलेला मुलगा. उजवा हात जगप्रसिद्ध वादकाचा आणि डावा त्या पोराचा. मला हे दृश्य फार मोठं वाटतं.

कारण लांग लांगचं स्वतःचं बालपण आठवा. चीनमधल्या शेनयांग शहरातली नोकरी सोडून वडील त्याला बीजिंगला घेऊन गेले. आई मागे राहिली, तिच्या पगारावर दोघं जगत होते. शिक्षिकेने ‘याच्यात काही नाही’ म्हणून काढून टाकलं, त्यानंतर वडील त्या नऊ वर्षांच्या मुलाला ‘जा, मर’ म्हणाले. हे त्याने स्वतःच सांगितलंय. पुढे कित्येक महिने त्याने पियानोला हात लावला नाही. परत वाजवायला लागला तो शाळेतल्या मुलांनी गळ घातली म्हणून.

1999 मध्ये शिकागोजवळच्या रविनिया महोत्सवात पियानोवादक आंद्रे वॉट्स आजारी पडले, सतराव्या वर्षी लांग लांगने त्यांच्या जागी रशियन संगीतकार चायकोव्हस्कीची रचना वाजवली आणि त्याचं नाव झालं. लगेच लोक म्हणतात, बाप कडक होता म्हणून पोरगा घडला. मला हे मुळीच पटत नाही. तो जगला, म्हणून आपल्याला त्याची गोष्ट कळली. जी मुलं त्यात मोडली, त्यांची नावं कुणाला ठाऊक आहेत?

2008 मध्ये त्याने फाउंडेशन काढलं. होतकरू मुलांना मदत तर आहेच, पण मला भावतं ते दुसरं काम: अमेरिकेतल्या साध्या सरकारी शाळांमध्ये पियानोचे वर्ग. निवड नाही, अख्खा वर्ग वाजवतो.

माझ्या मुलीच्या शाळेत संगीताचा तास यंदा गणिताला गेला. शिक्षकांच्या खोलीत कपाटावर पेटी पडून आहे, भाता फाटलाय, दोन पट्ट्या दाबल्या की वर येत नाहीत. दहावीला कलेचे वाढीव गुण मिळतात म्हणून गाण्याची परीक्षा द्या, असं मात्र आवर्जून सांगतात. ज्या पोरांना कसलीही परीक्षा द्यायची नाही, नुसतं गायचंय, त्यांनी कुठे जायचं?

शनिवारी पालकसभा आहे. पेटीच्या दुरुस्तीचा खर्च मी देते, तास परत द्या, एवढंच मागणार आहे. आपल्या मुलांच्या वर्गातले कोण कोण पालक येताय?