जुनी मोटरबोट: आधी गिअर ऑइल बघा

जुनी मोटरबोट घेण्यावरच्या एका लेखात फक्त खरेदीचाच हिशेब मांडलाय. खरा खर्च नंतरचा. मालवणकडची, खाऱ्या पाण्यात चाललेली बोट कोल्हापुरात आणणार असाल तर आधी आउटबोर्डच्या (बोटीच्या मागे बाहेरून लावलेल्या इंजिनाच्या) खालच्या गिअरकेसचा ड्रेन स्क्रू जरा सैल करा. तेल दुधाळ आलं की समजा सील गेलंय, पाणी शिरलंय. इंजिन थंड ठेवणाऱ्या वॉटर पंपाचा रबरी इम्पेलर (पात्यांचं चाक) वर्ष-दोन वर्षांनी बदलायचाच. बोट नुसती उभी असली तरी त्याची पाती वाकलेलीच कडक होतात, पाणी ओढत नाहीत आणि इंजिन तापतं. बूश-शाफ्ट कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये बनवून मिळेल, इम्पेलरला मात्र जुगाड नको! गोड्या पाण्यात झिंकच्या अ‍ॅनोडवर (इंजिनाऐवजी स्वतः गंजणाऱ्या धातूच्या तुकड्यांवर) थर चढून ते निकामी होतात, मॅग्नेशियमचे लावा. आणि ट्रान्सम, म्हणजे इंजिन लावतात ती बोटीची मागची भिंत, हातोडीनं ठोकून बघा. बद्द आवाज आला तर आतलं प्लायवूड कुजलंय, भाव कितीही पाडून मिळाला तरी घेऊ नका.