‘पक्षी चावरा निघाला, त्यात आमचा काय दोष?’

हा संदेश तुमच्याकडेही आला असेल. पक्षी पाळणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर तो पुन्हा पुन्हा फिरतो, शब्द थोडे इकडेतिकडे होतात एवढंच. मजकूर साधारण असा: पक्षी पाळणं सगळ्यांत सोपं, दाणापाणी घातलं की झालं. चावणं, किंचाळणं, पिसं उपटणं हा पक्ष्याचा जात्याच स्वभाव, त्यात पाळणाऱ्याचा दोष नाही. चावला तर चोचीवर टिचकी मारा, ओरडला तर पिंजऱ्यावर कापड टाका. पंख कापून घ्या, म्हणजे घरात धोका नाही. तरी काही बरंवाईट झालं तर नशीब. आणि नाहीच जमलं तर आकाशात सोडून द्या, पुण्य लागेल.

खाली अंगठ्यांची रांग लागते. मला मात्र हे वाचून राग येतो, कारण याच सल्ल्यावर चालणाऱ्या घरांतले पक्षी अर्धमेले होऊन डॉक्टरांकडे पोचतात. पिंजरा कुठे टांगायचा, दिवा कधी मालवायचा, पंखा चालू ठेवायचा की बंद, वाटीत काय घालायचं, यातलं एकही पक्षी ठरवत नाही. सगळं आपण ठरवतो. म्हणून एकेक मुद्दा घेते.

‘चावणं हा स्वभाव आहे, चोचीवर टिचकी मारली की सुधारतो’

कॉकाटील, म्हणजे डोक्यावर तुरा असलेला छोटा पोपटवर्गीय पक्षी, कधी पाळला असेल तर त्याचा तुरा बघा. निवांत असताना तो किंचित मागे कललेला असतो. दचकला की सरळ उभा राहतो. घाबरला किंवा चिडला की डोक्याला चिकटतो, अंग मागे जातं, चोच उघडते आणि फुस्स असा आवाज येतो. हे सगळं चावण्याच्या आधी घडतं. आपण काय करतो? ‘ये ना रे बाळा’ म्हणत हात तसाच पुढे नेतो. मग तो चावतो आणि आपण हात झटकन मागे घेतो. त्या क्षणी पक्षी शिकतो की तुरा पाडून, मागे सरून, फुसफुसून काही उपयोग नाही, चावलं की मात्र हात जातो. पुढच्या वेळी तो मधल्या पायऱ्या गाळतो आणि घरात जाहीर होतं, ‘हा काही न करता चावतो.’

टिचकीने यात भरच पडते. चोचीत संवेदना असते. पक्षी तिनं खातो, चढतो, पिसं साफ करतो, नवी वस्तू चाचपून बघतो. तिच्यावर मार बसला की हात दिसला की पळायचं किंवा आधीच चावायचं, एवढंच त्याला कळतं. त्याऐवजी तुरा पडायच्या आत हात थांबवा. राळ्याचं कणीस लांबून धरा, तो स्वतः एक पाऊल पुढे आला की एक टोच खाऊ द्या आणि तेवढ्यावर थांबा. वेळ लागतो, पण ज्या घरांनी धीर धरला तिथले ‘चावरे’ पक्षी बोटावर येऊन बसलेले मी पाहिले आहेत.

संदेशातलं एक मी मान्य करते. बाजारातून आलेला पक्षी बरेचदा आधीच धास्तावलेला असतो. जाळीत हात घालून मुठीत पकडलेला, दाटीवाटीच्या पिंजऱ्यात वाढलेला. ते आपण केलेलं नसतं, पण घरी आणल्यावर ते निस्तरणं आपल्याच वाट्याला येतं. आणि शांत पक्षी अचानक चावू लागला तर आधी डॉक्टर, कारण दुखणं लपवण्यात पक्षी पटाईत असतात. पिसं फुगवून पिंजऱ्याच्या तळाशी बसलेला, श्वासागणिक शेपटी हलवणारा पक्षी ‘सुस्त’ नसतो, आजारी असतो.

‘ओरडला की पिंजऱ्यावर कापड टाका’

पोपटवर्गीय पक्षी थव्यात राहणारे. सकाळ-संध्याकाळचा कलकलाट आणि कुणी नजरेआड गेलं की मारलेली हाक हे त्यांचं नेहमीचं बोलणं आहे. तुम्ही स्वयंपाकघरात गेलात, त्याने हाक मारली, तुम्ही तिथूनच ‘गप्प बस!’ म्हणून ओरडलात. त्याच्या दृष्टीने तुम्ही उत्तर दिलंत. उद्या तो आणखी जोरात विचारणार. ठरावीक शीळ घालून उत्तर द्या आणि तो शिळेवर आला की लगेच दाद द्या. भर दिवसा अंधारात कोंडल्याने तो काही शिकत नाही. रात्रीची मात्र त्याला खरंच दहा-बारा तास झोप लागते, आणि हॉलमध्ये बारापर्यंत टीव्ही चालत असेल तर ती मिळत नाही.

शेजाऱ्यांचाही विचार हवा. सन कॉन्यूर या पिवळ्या-केशरी छोट्या पोपटाचा आवाज भिंती भेदून जातो. सोसायटीच्या वन बीएचकेमध्ये तो आणायचा आणि मग शेजाऱ्यांशी भांडायचं, याला काय म्हणावं?

पिसं उपटण्याबद्दल थोडक्यात: त्यामागे कातडीचा किंवा पोटातला आजार असू शकतो, निकृष्ट आहार असू शकतो, नाहीतर दिवसभराचा रिकामेपणा. तपासणी न करता ‘सवय आहे त्याची’ म्हणणं सरळ हलगर्जीपणा आहे.

‘दाणापाणी घातलं की झालं’

नुसते राळे आणि सूर्यफुलाच्या बिया म्हणजे भरपूर चरबी आणि ‘अ’ जीवनसत्त्व व कॅल्शियमची कमतरता. यकृतावर चरबी चढते, श्वसनाचे विकार होतात. गाजर, लाल भोपळा, शेवग्याचा पाला, कोथिंबीर आणि पिंजऱ्यात समुद्रफेस (कॅल्शियमसाठी चोचीने कुरतडायला), यातलं काहीच महाग नाही. ॲव्होकॅडो, चॉकलेट आणि चहा-कॉफी अजिबात नको. ‘आमचा मिठू बशीतला चहा पितो’ असे व्हिडिओ कौतुकाने टाकू नका.

एकट्या मादीचंही आहारासोबतच बघावं लागतं. पाठीवरून हात फिरवणं, पिंजऱ्यात खोकं, समोर आरसा, रात्री उशिरापर्यंत उजेड, यामुळे नर नसतानाही ती अंड्यांमागून अंडी घालते. अंगातलं कॅल्शियम संपतं आणि अंडं अडकलं तर जीव जातो. कुरवाळायचं तर फक्त डोकं आणि मान.

‘पंख कापले की सुरक्षित’, ‘बाकी नशीब’

सगळ्यांत घातक भाग हाच. उड्डाणाची पिसं कापलेला पक्षी पूर्ण जमिनीवर येत नाही. चौथ्या मजल्यावरच्या बाल्कनीतून वाऱ्याचा एक झोत त्याला खाली किंवा दूर नेऊ शकतो, आणि मग परत वर यायला पंखच नसतात. घरात घाबरून झेपावला की दगडासारखा छातीवर आपटतो. मांजर आली तर सुटका नाही. शिवाय पिसं गळून नवी येतात, ती आलेली कुणाच्या लक्षात येत नाहीत आणि ‘याचे पंख कापलेत’ या भरवशावर खिडकी उघडी राहते. वाढत्या पिसात रक्त असतं, ते कापलं गेलं तर धार लागते.

धोका पंखांत नसून खोलीत असतो. आधी सीलिंग फॅन बंद, मग पिंजऱ्याचं दार उघडायचं, हा क्रम घरातल्या प्रत्येकाला, कामाला येणाऱ्या मावशींनाही, पाठ हवा. बटणावर पट्टी चिकटवा. बाथरूमचं दार लावा, बादल्यांवर झाकण ठेवा. काचेला आणि मोठ्या आरशाला पडदा.

आणि स्वयंपाकघर! नॉनस्टिक तवा गॅसवर रिकामा तापत राहिला की त्याच्या लेपातून वायू निघतो. माणसाला तो जाणवेलच असं नाही, पण शेजारच्या खोलीतला पक्षी काही मिनिटांत मरू शकतो. पक्ष्यांच्या फुप्फुसांतून हवा एकाच दिशेने सतत वाहते, त्यामुळे प्राणवायू जसा भराभर आत जातो तसं विषही. म्हणून तर ब्रिटनच्या कोळसा खाणींत विषारी वायूची सूचना मिळावी यासाठी अगदी 1980च्या दशकापर्यंत कॅनरी हे छोटे पक्षी ठेवत असत. डासांची कॉइल, धूप, रूम फ्रेशनर, झुरळांचा फवारा यांपासूनही पिंजरा दूर हवा. दिवाळीत कॉकाटील रात्री दचकून पिंजऱ्यात धडपडतात, पिसं मोडून रक्त येतं. खिडकीपासून लांब ठेवलेला पिंजरा आणि रात्रभर एक मंद दिवा यांनी बरंच निभावतं. यातल्या कशालाही नशीब म्हणता येत नाही.

घरातल्या माणसांची जबाबदारीही आपल्यावरच असते. पक्ष्यांची वाळलेली विष्ठा आणि पिसांची धूळ श्वासातून गेली तर सिटॅकोसिस हा पक्ष्यांकडून माणसाला होणारा फुप्फुसांचा संसर्ग होऊ शकतो, काहींना फुप्फुसांचा दीर्घ विकार जडतो. घरात दम्याचे आजोबा असतील तर पिंजरा त्यांच्या खोलीत नको, आणि साफसफाई ओल्या फडक्याने, मास्क लावून.

‘आकाशात सोडा, पुण्य लागेल’

बजरीगर हे छोटे पोपट आणि कॉकाटील मुळचे ऑस्ट्रेलियाचे, लव्हबर्ड आफ्रिकेतले, आणि आपल्याकडचे तर पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात जन्मलेले. दाणा कुठे शोधायचा हे त्यांना माहीत नसतं. कावळे त्यांना पहिल्याच दिवशी गाठतात. उपासमारीने किंवा तहानेने हाल होतील अशा स्थितीत प्राणी सोडून देणं 1960च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे.

संदेशासोबत फोटो असतो हिरव्या, लाल चोचीच्या आपल्या देशी पोपटाचा. तो पाळणंच 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, कितीही घरांत ‘मिठू’ लटकत असला तरी. तुमच्याकडे असा पोपट असेल तर गच्चीवरून उडवू नका, वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा. आफ्रिकन ग्रे, मकाव, सन कॉन्यूर या परदेशी पोपटांची नोंदणी 2024च्या नियमांनुसार केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या ‘परिवेश’ पोर्टलवर करावी लागते. पिल्लं झाली, पक्षी दुसऱ्याला दिला किंवा मेला, तेही कळवावं लागतं.

खरंच सांभाळणं जमत नसेल तर दुसरं घर शोधा, त्यात कमीपणा नाही. मात्र देताना खरं सांगा: तो कशाला घाबरतो, कधी चावतो, काय खातो, डॉक्टरांनी काय सांगितलं होतं. ‘एकदम माणसाळलेला आहे’ म्हणून खपवलेला पक्षी नव्या घरात पहिल्याच दिवशी कुणाचं तरी बोट फोडतो, आणि मग त्याला तिसरं घर शोधावं लागतं.