जेवणं चालू असताना थोडं हसवायला कोणी मिळेल का?

सोसायटीचा वर्धापनदिन जवळ आलाय. केटरर ठरलाय, मंडपवाल्याला ॲडव्हान्स गेलाय, ऑर्केस्ट्रा काही बजेटात बसत नाही. अशा वेळी समितीतल्या कोणाला तरी आठवतं की 'ते स्टँडअप का काय करणारे' असतात. एक माणूस, एक माइक, खर्च शून्य. परवाच असा एक फोन येऊन गेला: "मानधनाचं एवढं काही नाही आमच्याकडे, पण चारशे माणसं आहेत, तुम्हाला एक्सपोजर मिळेल. जेवणं चालू असताना अर्धा तास काहीतरी गंमत करा." फोन इतका मुद्देसूद होता की त्यातून आयोजकांसाठी एक मार्गदर्शिकाच तयार झाली. ज्यांना स्टँडअप करणारा, गरजेला लिहून देणारा आणि सांगाल तेव्हा अभिनयही करणारा असा तिहेरी कलाकार वापरायचाय, त्यांनी ती जपून ठेवावी.

सुरुवात कौतुकाने करा. पैशांचा विषय निघाला की "आपण घरचेच आहोत" म्हणा. केटररला मात्र असं म्हणू नका, तो पनीर कमी करेल.

तरीही कलाकार आकडा बोललाच, तर "अर्ध्या तासाचे एवढे?" असं विचारा. हा प्रश्न फार परिणामकारक आहे, कारण त्याचं उत्तर लांबलचक असतं आणि तुम्हाला ते ऐकायचं नसतं. ओपन माइकला, म्हणजे नवे विनोद तपासायला कोणालाही मंच मिळतो तिथे, चार-पाच मिनिटं मिळतात, शेवटचं मिनिट उरलं की मागून मोबाइलचा दिवा दाखवतात. तेवढ्यात तीन-चार नवे विनोद तपासायचे, त्यातला एखादा टिकतो. मग तो वेगवेगळ्या लोकांपुढे पुन्हा पुन्हा घासायचा. पंचलाइनचा, म्हणजे हसू फोडणाऱ्या वाक्याचा, शब्द अगदी शेवटी येतोय का, त्याच्यामागे शेपटी लोंबतेय का, कुठे श्वास घ्यायचा, हे तेव्हा कुठे कळतं. कित्येक ठिकाणी त्या पाच मिनिटांसाठी कलाकारच पैसे भरतो. अशी मिनिटं साठवत अर्धा तास व्हायला वर्ष सहज जातं. पण तुम्ही घड्याळ बघा. मोठा काटा बारावरून सहावर, बस.

आता जागेची मांडणी. इथे बहुतेक आयोजक मुळातच इतके तयार असतात की शिकवायला काही उरत नाही. दहा-दहा खुर्च्यांची गोल टेबलं लावा, म्हणजे प्रत्येक टेबलावरच्या निम्म्या लोकांची पाठ मंचाकडे होते. पहिल्या रांगेत सोफे ठेवा, ते प्रमुख पाहुण्यांसाठी राखा, आणि पाहुणे साडेनऊला येतील असं बघा. सोफे आणि मंच यांच्यामध्ये वीस फूट जागा मोकळी सोडा. ती मुलांना पळायला लागते. सगळ्या ट्यूबलाइट चालू ठेवा. हसणं हा संसर्ग आहे: माणसं दाटीने, खांद्याला खांदा लावून, जरा अंधारात बसली की शेजारच्याचं हसू ऐकून आपलंही फुटतं, लख्ख उजेडात प्रत्येक जण आधी बघतो की मेहता हसले का, मग ठरवतो. शक्यतो कार्यक्रम उघड्या लॉनवर घ्या. वर छत नसलं की हसू वर निघून जातं. मंचावरच्या माणसाला काहीच ऐकू येत नाही, तो पुढच्या वाक्याला थांबायचं तिथे थांबत नाही, आणि लोक हसत असतानाच त्याचा पुढचा सेटअप, म्हणजे विनोदाची आधीची मांडणी, वाहून जातो. मग "आज जरा रंगला नाही" म्हणायला तुम्ही मोकळे. माइक कॉर्डलेस द्या आणि त्यात गेल्या गणपतीतले पेन्सिल सेल असू द्या. स्टँड देऊ नका. किंवा पोडियमला चिकटलेला तो वाकडा माइक द्या, ज्याच्यासमोरून चार इंच मान हलली की आवाज जातो. साउंडवाला डीजेचाच असावा, बास इतका ठेवावा की शब्द पोटात लागतील पण कानात जाणार नाहीत. गाणं असं चालून जातं, अर्धे शब्द गेले तरी चाल पोहोचते. विनोदातला एक शब्द गेला की अख्खा विनोद गेला, सेटअप ऐकूच आला नाही तर पंचलाइन म्हणजे नुसतं वाक्य. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बुफेचा काउंटर मंचाच्या अगदी बाजूला मांडा, आणि कलाकाराने नमस्कार म्हटला रे म्हटला की जाहीर करा, "जेवण चालू झालेलं आहे, कृपया सर्वांनी लाभ घ्यावा." चारशे माणसं, चारशे ताटं, जिलबीची रांग. त्या रांगेशी त्याने स्पर्धा करायची! जिलबी गरम आहे हो. कोणीही हरेल. तुमचा लाफ्टर शोमधला आवडता माणूस आणून उभा करा, तोही हरेल.

मध्येच लकी ड्रॉ काढा.

मोबाइलवर शूटिंग करू द्या, आणि घरी जायच्या आत ते ग्रुपवर टाका. त्याचं वर्षभराचं काम रात्री अकरापर्यंत सगळ्यांना पाठ झालं पाहिजे. विनोद दुसऱ्यांदा ऐकताना पहिल्यासारखा लागत नाही हे खरं, पण त्याने नवा लिहावा. त्याला दुसरं काम काय आहे?

कार्यक्रम ऑफिसचा असेल तर विषयांची यादी आधी पाठवा. राजकारण नको, धर्म नको, जात नको, इतिहास तर नकोच. नागपूरच्या ब्रँचचे लोक आहेत म्हणून पुणे-नागपूर नको. पगार, अप्रेजल, एचआर नको. "साहेबांची थोडी खेचा, पण त्यांना कळणार नाही अशी." शेवटी लिहा, बायकोवर करा ना, सगळ्यांना आवडतं. संपूर्ण स्क्रिप्ट ईमेलवर मागवा, म्हणजे ती कागदावर वाचून "यात हसण्यासारखं काय आहे" असं कळवता येतं. आणि काळजी घ्या हो, दिवस वाईट आहेत. २०२१ च्या १ जानेवारीला इंदूरमध्ये स्टँडअप करणाऱ्या मुनव्वर फारुकीला पोलिसांनी कार्यक्रमातून उचललं, सर्वोच्च न्यायालयातून जामीन मिळायला ५ फेब्रुवारी उजाडली. २०२५ च्या मार्चमध्ये मुंबईत खारच्या हॅबिटॅट या स्टँडअपच्या जागेची मोडतोड झाली. ज्या कॉमेडियन कुणाल कामरावर राग होता तो तिथे नव्हता, खुर्च्या होत्या. हे सगळं माहीत असूनही पाच मिनिटांच्या स्पॉटसाठी मुलं लोकल पकडून येतात, तेव्हा त्यांना "जरा स्पाइसी करा ना" असं सांगायला विसरू नका. व्हिडिओवरून गदारोळ झाला की त्यांचा फोन उचलू नका.

लेखक म्हणून वापरायचा असेल तर त्याहून सोपं. कॉफीला बोलवा आणि म्हणा, "एखादी कन्सेप्ट ऐकव." मालिका, वेब सिरीज, काहीही. कॉपीराइट कल्पनेला नसतो, तिच्या लिहून काढलेल्या मांडणीला असतो, हे लक्षात असू द्या आणि म्हणूनच तोंडीच ऐका. त्याने आधी स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदणी करून ईमेलनेच पाठवतो म्हटलं, तर "आपल्यात कशाला हे सगळं" म्हणा. लिहून आणलंच तर दोन पानी टिपण मागा, मग दहा पानी, मग पहिला एपिसोड संवादांसकट, आणि मग सांगा की चॅनेलची दिशा बदलली. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीपासून लेखकाचा रॉयल्टीचा हक्क करारात लिहूनही सोडता येत नाही, म्हणून करारच करू नका.

अभिनेता हवा असेल तर स्क्रिप्ट रात्री अकराला पाठवा आणि सेल्फ टेप, म्हणजे त्याने घरीच शूट केलेली ऑडिशन, सकाळी नऊला मागवा: नाव, उंची, दोन्ही बाजूंचे प्रोफाइल, हात पुढून-मागून, पाठीमागे साधी भिंत. मुंबईत वर्सोव्याच्या आरामनगरात ऑडिशनला प्रत्यक्ष बोलावलं असेल तर तीन तास बाहेर उभं करा. रोल हिरोच्या मित्राचाच. सीनमध्ये विनोद नसेल तर "तुम्ही करालच काहीतरी" म्हणा. म्हणजे लेखनाचेही पैसे वाचले. तारखा ब्लॉक करायला लावा. आदल्या रात्री सोडून द्या, मेसेज करून, फोन नको.

आणि पैसे. मालिकेत पर डे, म्हणजे दिवसाचे पैसे, ठरवा आणि नव्वद दिवसांनी द्या, ते नव्वद शूटिंगपासून धरायचे की टेलिकास्टपासून, हे मोघम ठेवा. कार्यक्रमाचं बिल आलं की आधी पॅन मागा, मग रद्द केलेला चेक, मग व्हेंडर रजिस्ट्रेशनचा फॉर्म, मग "बिलावर तारीख चुकलीय". दहा टक्के टीडीएस कापा. तो भरू नका. वर्षाच्या शेवटी त्याच्या प्राप्तिकराच्या नोंदीत तो दिसणार नाही, तो फोन करेल, तुम्ही म्हणा सीएला विचारतो.

त्याच कार्यक्रमाला आलेल्या मंडपवाल्याचं बिल थकवून बघा की. तो दुसऱ्या दिवशी बांबू घेऊन दारात येईल. केटरर पुढचं काम घेणार नाही. जनरेटरवाला मशीन चालूच करणार नाही आगाऊ घेतल्याशिवाय. फक्त हा एक माणूस, ज्याच्यामुळे तुमच्या कार्यक्रमपत्रिकेवर लोक 'हास्यसंध्या' वाचून आले, त्याला तुम्ही खुशाल म्हणता एक्सपोजर मिळेल. कसलं एक्सपोजर? जिलबीच्या रांगेतलं? भाडं एक्सपोजरमध्ये भरता येत नाही, रिक्षावाला घेत नाही. विनोद ही फुकटात मिळायची वस्तू आहे हे तुम्हाला कोणी सांगितलं?

बोलवायचंच असेल तर निम्मे पैसे तारीख ठरतानाच आणि उरलेले मंचावर जायच्या आधी द्या. जेवण आधी तरी किंवा नंतर तरी. खुर्च्या रांगेत, पहिली रांग मंचापासून पाच-सहा फुटांवर, पुढची सीट रिकामी नको, प्रेक्षकांवरचे दिवे बंद. वायरचा माइक, स्टँडसकट. मुलं मागच्या हॉलमध्ये. लकी ड्रॉ दुसऱ्या दिवशी. आणि यातलं काहीच जमणार नसेल तर त्याला फोन करू नका, अंताक्षरी ठेवा. पेन्सिल सेल आहेतच तुमच्याकडे.