भरपाई मागा, आणि लेखी मागा

वृद्धाश्रमात आपल्या माणसाचे हाल झाले तर तक्रार करायला हवी, हे इंदूरच्या आपल्या सगळ्या मराठी घरांत मान्य आहे. करत मात्र कोणी नाही. आणि भरपाईचा विषय निघाला की लोक अंग चोरतात. "आईच्या जखमांचे पैसे करायचे का?" हे मी सुदामा नगरात ऐकलंय, लोकमान्य नगरात ऐकलंय, आणि आता आमच्या घरातही ऐकलं. मला हे अजिबात पटत नाही, म्हणून आज लांबलचक लिहिते आहे. ज्यांचं कोणी सध्या अशा ठिकाणी आहे त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

माझी माईमावशी पार्किन्सन्सची पेशंट. मुलगा-सून अमेरिकेत, रामबागेतलं जुनं घर विकून झालेलं. बायपासच्या पलीकडच्या एका खाजगी वृद्धाश्रमात तिला ठेवलं. डिपॉझिट, दर महिन्याला भरभक्कम रक्कम, रात्रीचा अटेंडंट, आठवड्याला डॉक्टर, सगळं त्यांच्या माहितीपत्रकात छापलेलं. संस्थेचं नाव लिहीत नाही, प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे. दर रविवारी व्हिडिओ कॉल व्हायचा. माई खुर्चीत बसलेली, केस विंचरलेले, अंगावर शाल. दादाला, म्हणजे तिच्या मुलाला, वाटायचं, बरं चाललंय.

मी एका संध्याकाळी न कळवता गेले. टाचा काळ्या पडलेल्या. माकडहाडावर तळहाताएवढी जखम, तिच्यावर नुसता कापूस चिकटवलेला. मनगटावर वळ, आणि ज्या ओढणीने तो उठला तिचं एक टोक अजून पलंगाच्या दांडीला गाठ मारून ठेवलेलं. आया म्हणाली, "अम्माजी रात को नली खींच लेती हैं ना, इसलिए." माईला कसलीही नळी लावलेली नव्हती.

पलंगाच्या पायथ्याशी औषधांचा तक्ता टांगलेला होता. प्रत्येक रकान्यात बरोबरची खूण, सगळ्या एकाच निळ्या पेनाने. अजून रात्र व्हायची होती, तरी रात्रीच्या गोळीपुढे खूण होती. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गोळीपुढेही होती. आणि कपाटात लेव्होडोपाच्या पट्ट्या न फोडता तशाच पडलेल्या. ज्यांच्या घरी पार्किन्सन्स आहे त्यांना हे सांगायला नको, पण इतरांसाठी सांगते. ही गोळी वेळच्या वेळी मिळाली नाही की अंग ताठरतं, माणसाला स्वतःची कूस बदलता येत नाही. कूस बदलली नाही की जिथे हाड टेकतं तिथलं रक्त थांबतं आणि कातडी मरते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला साधारण दर दोन तासांनी वळवायचं असतं, हे प्रत्येक नर्सला शिकवलेलं असतं. माईची जखम "वयोमानाने" झाली, असं जे आम्हाला ऑफिसातून सांगण्यात आलं, ते त्या तक्त्यापुढे टिकत नाही.

म्हणून पहिली गोष्ट: आधी फोटो, मग भांडण. आपली माणसं उलटं करतात. आरडाओरडा होतो, मॅनेजर येतो, हात जोडतो, आणि आपण पाणी पिऊन शांत होईपर्यंत तक्ता बदललेला असतो, चादर बदललेली असते. तक्त्याचा, पट्ट्यांचा, गाठीचा, जखमेचा फोटो काढा. जखमेशेजारी मोजपट्टी किंवा नाणं ठेवा, म्हणजे आकार कळतो. मूळ फोटो ज्या फोनमध्ये आहेत तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खाली डिजिटल पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं, तेव्हा मूळ फोन जवळ असलेला बरा.

दुसरं म्हणजे, तिथून माणूस थेट घरी आणू नका. घरी आणून ओळखीच्या डॉक्टरकडून ड्रेसिंग करून घ्यावंसं वाटतं, ते साहजिक आहे, पण मग कागद तयार होत नाही. आम्ही माईला तशीच एमवायला, म्हणजे सरकारी एमवाय हॉस्पिटलात, नेलं आणि कॅज्युअल्टीत स्पष्ट सांगितलं की ही जखम आणि हे वळ वृद्धाश्रमात झालेत, एमएलसी (पोलीस प्रकरणाची वैद्यकीय नोंद) करा. त्या एमएलसीत जखमेची लांबी-रुंदी, खोली, मनगटावरचे वळ, सगळं आलं. पुढे प्रत्येक टेबलावर तोच कागद उपयोगी पडला.

आता पोलीस. आपल्या मध्य प्रदेशात एक जुनी रीत आहे. ठाण्यात गेलात की ते "आवेदन दे दीजिए, जाँच करते हैं" म्हणतात, अर्ज घेतात, झेरॉक्सवर शिक्का मारून देतात. घरी आल्यावर लोक समजतात की एफआयआर झाला. झालेला नसतो. एफआयआरला नंबर असतो आणि तिची प्रत फुकट मिळते. बायपासकडच्या जागांचं आणखी एक असतं, दोन ठाणी एकमेकांकडे बोट दाखवतात. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे हद्द कोणाचीही असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्यात देता येते. नाही घेतली तर तीच खबर लेखी, पोस्टाने, वरिष्ठ अधिकाऱ्याला पाठवायची. इंदुरात डिसेंबर 2021 पासून कमिश्नर पद्धत आहे, म्हणजे शहराच्या हद्दीत आपल्याला डीसीपी ऑफिस. तरीही काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेट. आणि टीआय साहेब, म्हणजे ठाण्याचे प्रमुख, "माताजी को बयान के लिए ले आइए" म्हणाले तर नेऊ नका. साक्षीसाठी बाईमाणसाला, किंवा साठीपुढच्या पुरुषाला, राहत्या जागेवरून ठाण्यात बोलावता येत नाही. त्यांनी घरी यायचं असतं.

बांधून ठेवणं, दुखापत करणं याची कलमं आहेतच. पण भारतीय न्याय संहितेतलं कलम 357 मुद्दाम वाचा. असहाय माणसाची देखभाल करण्याचा करार करून ती जाणूनबुजून न करणं हा गुन्हा आहे. शिक्षा किती, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जुन्या दंड संहितेत हाच दंड दोनशे रुपये होता! हे वाचलं आणि माझा निश्चय पक्का झाला. ज्या संस्थेला महिन्याला लाखो रुपये येतात तिला पाच हजारांचं काय वाटणार? रात्रीच्या एका जास्तीच्या अटेंडंटचा एका महिन्याचा पगारही त्याहून मोठा असतो. माणूस कमी ठेवायचा, म्हाताऱ्यांना बांधून ठेवायचं, हा त्यांच्यासाठी हिशेबाचा प्रश्न आहे. प्रत्येक कुटुंब डिपॉझिट परत घेऊन गुपचूप निघून गेलं तर तो हिशेब कायम त्यांच्याच बाजूने लागतो. भरपाईचा आदेश झाला तरच तो बिघडतो.

दादा सुरुवातीला म्हणाला, "मीच तिला तिथे ठेवलं, आता पैसे कुठल्या तोंडाने मागू?" मी त्याला सांगितलं, तू पैसे देऊन सेवा विकत घेतलीस, ती त्यांनी दिली नाही. शिवाय हे पैसे दिवाणखान्याचं फर्निचर करायला नकोयत. चौथ्या पायरीची, म्हणजे स्नायू-हाडापर्यंत गेलेली, जखम भरायला महिने लागतात. हवेची गादी, रोजचं ड्रेसिंग, घरी दोन पाळ्यांची नर्स, प्रोटीनची पावडर, अँटिबायोटिक, हा खर्च आज माईच्या पेन्शनमधून जातोय. ज्यांच्यामुळे झाला त्यांनी तो द्यावा, यात आईची किंमत कुठे लागली?

त्याचा पुढचा प्रश्न होता, "इथे काही ऑम्बुड्समन वगैरे नाही का?" त्याच्याकडे, अमेरिकेत, 1987 चा केंद्रीय कायदा आहे. सोयीसाठी किंवा शिक्षा म्हणून म्हाताऱ्यांना बांधायला त्यात मनाई आहे, प्रत्येक राज्यात त्यांच्या तक्रारी ऐकणारा ऑम्बुड्समन आहे, तपासणीचे अहवाल कोणालाही वाचता येतात. तिथेही छळ होतो, पण कुटुंबं सरळ वकील गाठतात आणि नुकसानभरपाईचा दावा लावतात, त्यात कोणाला लाज वाटत नाही. आपल्याकडे 2007 चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे. पोटगीसाठी, मुलांनी लाटलेली मालमत्ता परत मिळवण्यासाठी तो चांगला आहे. पण वृद्धाश्रमाकडून भरपाई मिळवण्याची सोय त्या कायद्याखालच्या, एसडीएमपुढे (उपविभागीय अधिकाऱ्यापुढे) चालणाऱ्या न्यायाधिकरणात नाही, त्यामुळे त्यांच्या दारात यासाठी चपला झिजवू नका. खाजगी केअर होमची नोंदणी आणि किमान दर्जा ठरवणारं दुरुस्ती विधेयक डिसेंबर 2019 मध्ये लोकसभेत आलं, संसदीय समितीकडे गेलं, आणि ती लोकसभा संपली तसं तेही संपलं. याचा मला मनापासून राग आहे. आपल्या शहरात पाणीपुरीची गाडी लावायलाही अन्न विभागाची नोंदणी लागते.

उरला ग्राहक कायदा, आणि तो लोकांना वाटतो त्यापेक्षा खूप कामाचा आहे. 2019 च्या कायद्याप्रमाणे पैसे मुलाने भरले असले तरी ज्याच्यासाठी सेवा घेतली तो माणूसही ग्राहकच. म्हणून आमच्या अर्जात तक्रारदार माई स्वतः आहे, तिच्या अंगठ्यासह. माणूस गेला असेल तर वारस तक्रार करू शकतात. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, दहा लाखांपर्यंत दोनशे रुपये. वकील सक्तीचा नाही. आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे आई इंदुरात आणि मुलगा पुण्यात असेल तर तो पुण्यातूनही करू शकतो. मुदत दोन वर्षं. आदेश झाल्यावर संस्थेला अपिलात जायचं असेल तर निम्मी रक्कम आधी भरावी लागते, आणि आदेश पाळलाच नाही तर तुरुंगही होऊ शकतो. तीन महिन्यांत निकाल लावावा असं कायद्यात लिहिलंय, पण तारखा पडतात, त्याची तयारी ठेवा.

यात एक खाच आहे. मोफत दिलेली सेवा या कायद्यात येत नाही. म्हणून अशा संस्था फीला देणगी म्हणतात. आमच्याकडच्या सगळ्या पावत्या देणगीच्या, 80जीच्या (देणगीवरच्या आयकर सवलतीच्या) शिक्क्यासह. त्यांच्या वकिलाचं म्हणणं, आप तो दानदाता हैं, ग्राहक नहीं. पण दर महिन्याच्या पाच तारखेला त्यांचा व्हॉट्सअॅप यायचा, "इस माह का शुल्क शेष है, कृपया आज ही जमा करें." देणगी शेष कशी राहते? दादाने एकही मेसेज पुसला नव्हता, ते सगळे आम्ही जोडलेत. तुम्हीही पुसू नका. आणि जिथे खरोखरच काही न घेता ठेवलं जातं, तिथे छळ झाला तर पोलीस आहेत, दिवाणी दावा आहे. त्यासाठी विधी सेवा प्राधिकरणाचा फुकट वकील मिळतो, बाईला आणि अपंग व्यक्तीला तर उत्पन्न न बघता. नंबर 15100.

181 वर, म्हणजे मुख्यमंत्री हेल्पलाइनवर, आणि कलेक्टर ऑफिसच्या मंगळवारच्या जनसुनावणीत अर्ज जरूर द्या, तारीख पडलेला कागद मिळतो. ज्येष्ठांसाठी 14567 ही आहे, सकाळी आठ ते रात्री आठ. पण 181 वाल्यांनी फोन करून "आप संतुष्ट हैं ना?" विचारलं की सवयीने हो म्हणू नका, तिथेच तक्रार बंद होते.

कोणी म्हणेल, कशाला शहराची बदनामी. जानेवारी 2021 आठवा. महापालिकेच्या माणसांनी बेघर म्हाताऱ्यांना ट्रकमध्ये घालून क्षिप्रेजवळ रस्त्यावर उतरवलं होतं, थंडीत. गावकऱ्यांनी अडवलं, व्हिडिओ काढला, म्हणून त्यांना परत गाडीत बसवावं लागलं आणि एका बड्या अधिकाऱ्याला निलंबित व्हावं लागलं. तो व्हिडिओ नसता तर आपल्याला कळलंही नसतं. स्वच्छतेतल्या पहिल्या नंबरचा मलाही अभिमान आहे, पण बदनामी ट्रकने केली, व्हिडिओने नाही.

आम्हालाही समेटाचा कागद आला होता. डिपॉझिट पूर्ण परत, वर एका महिन्याची रक्कम, आणि खाली एक ओळ: "हमें संस्था से कोई शिकायत नहीं है, न भविष्य में होगी." दादा सही करायच्या बेतात होता, वहिनीने त्याला अडवलं. समेट करू नये असं मी म्हणत नाही. करा, पण आयोगापुढे करा, रक्कम आणि कारण लिहून करा. अशी कोरी सही देऊन नको.

आता एक विनंती. आमच्या तक्रारीला दिलेल्या उत्तरात संस्थेने लिहिलंय की आजवर एकाही कुटुंबाची तक्रार आलेली नाही. मला तीन-चार घरं माहीत आहेत, ज्यांनी आपलं माणूस तिथून असंच गुपचूप हलवलं. ज्यांना जागा ओळखू आली असेल त्यांनी इनबॉक्समध्ये लिहा. जुन्या पावत्या, फोटो, डिस्चार्जचे कागद, काहीही चालेल, आणि शपथपत्र द्यायची तयारी असेल तर फार बरं. नाव गुप्त राहणार नाही, हे आधीच सांगते. शपथपत्रावर नाव लागतंच.