चार किंवा जास्त गुण, म्हणून समाजकार्य नको?

गेले काही आठवडे एकच मजकूर फिरून फिरून माझ्या फोनवर येतोय. पाठवणारे बहुतेक आमच्याच क्षेत्रातले, म्हणून लिहायला बसले. मजकूर थोडक्यात असा: समाजकार्य शिकायला येणारी बरीच मुलं स्वतःच्या जखमा भरायला येतात. बालपणी मारहाण, व्यसन, हेळसांड सोसलेला विद्यार्थी फील्डवर्कमध्ये (प्रत्यक्ष लोकांत जाऊन करायच्या शिकाऊ कामात) कोलमडतो आणि त्याची किंमत क्लायंट, म्हणजे ज्याला मदत करायची तो माणूस, मोजतो. म्हणून प्रवेशाच्या वेळीच ‘एसीई’ ही बालपणातले वाईट अनुभव मोजणारी प्रश्नावली भरून घ्या. चार किंवा जास्त गुण आले तर प्रवेश नको. शेवटी ठळक अक्षरांत : आधी स्वतः बरे व्हा, मग दुसऱ्याला बरं करा.

प्रश्नावलीपासून सुरुवात करते, कारण सगळा डोलारा तिच्यावरच उभा आहे. विन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा या डॉक्टरांचा तो गाजलेला शोधनिबंध १९९८चा. अमेरिकेत सॅन दिएगोला आरोग्य तपासणीसाठी आलेल्या प्रौढांना बालपणाबद्दल विचारलं आणि पुढच्या आजारपणांशी त्याचा संबंध तपासला. मोठ्या लोकसंख्येत कल कुठे जातो, हे पाहण्याचं ते साधन. आज प्रचलित असलेल्या यादीत दहा प्रकार आहेत, प्रत्येक ‘हो’ला एक गुण. वडिलांनी वर्षानुवर्षं मारलं तरी एक आणि आईवडील विभक्त झाले तरी एकच. गरिबी मूळ यादीत नाही, शाळेतल्या मुलांनी केलेला छळ नाही. कुणीतरी वेळेवर पाठीशी उभं राहिलं का, हा प्रश्नही नाही.

त्या अभ्यासाच्या दोन फेऱ्यांत मिळून सतरा हजारांवर लोक होते. जवळपास दोन तृतीयांश लोकांचा निदान एक गुण होता आणि साधारण आठांतल्या एकाचे चार किंवा जास्त. ही माणसं बहुतांशी शिकलेली, विमा असलेली. खुद्द अँडा यांनी सहकाऱ्यांसह २०२० मध्ये लिहिलं की हा गुण एकेका व्यक्तीबद्दल निर्णय घेण्यासाठी वापरू नये. ज्याने फूटपट्टी बनवली तोच सांगतोय की याने ताप मोजू नका, आणि आपण ती प्रवेशाच्या दारात टांगायला निघालोय.

‘स्वतःच्या जखमा भरायला येतात’ हे काही अंशी खरं आहे. समाजकार्याच्या विद्यार्थ्यांत अशा अनुभवांचं प्रमाण सर्वसाधारण लोकांपेक्षा जास्त असल्याचं काही पाहण्यांत दिसलंय. मग? दुसरीकडे कुठे प्रवेश मिळाला नाही म्हणून आलेल्याला त्याचा हेतू कुणी विचारत नाही.

आता कोलमडण्याचा मुद्दा. दुसऱ्याचे आघात ऐकून ऐकून ऐकणाऱ्याची जगाकडे बघायची नजरच बदलते, हे मॅककॅन आणि पर्लमन या मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये मांडलं. हे कुणालाही होऊ शकतं. स्वतःचा तसा इतिहास असलेल्यांना त्रास जास्त होतो, असं काही अभ्यासांत दिसतं, काहींत फरक दिसत नाही. किनमन आणि ग्रँट या संशोधकांनी २०११ मध्ये समाजकार्याच्या प्रशिक्षणार्थींचा अभ्यास केला, तेव्हा तग धरण्याशी नातं दिसलं ते भावना ओळखण्याचं, स्वतःच्या वागण्याकडे वळून पाहण्याचं, माणसांत मिसळण्याचं. या गोष्टी शिकवता येतात. बालपण बदलून देता येत नाही.

इतकी वर्षं फील्डवर्क बघतेय, त्यात मला सर्वांत जास्त घोर लावला तो अत्यंत सुखाच्या घरातून आलेल्या एका विद्यार्थ्याने. बालगृहातल्या एका मुलाला तो तिसऱ्याच भेटीत सांगून आला, ‘मी तुला इथून बाहेर काढीन.’ पोरगं रोज फाटकाशी उभं राहायला लागलं. त्या विद्यार्थ्याचे एसीई गुण बहुधा शून्य भरले असते.

याच्या उलट दुसरी विद्यार्थिनी. ती भेटी देत होती त्या घरात दारू पिणारा बाप, आई, दोन मुलं. तिचं रेकॉर्डिंग, म्हणजे भेटीनंतर लिहायचा अहवाल, वाचलं. बापावर दीड पान, मुलांवर एक. आईचं एक वाक्यही नाही. मी विचारलं, ‘आई घरी नव्हती का गं?’ ती म्हणाली, ‘होती की मॅम, समोरच बसली होती.’ आणि मग गप्प झाली. बऱ्याच वेळाने म्हणाली, ‘माझी आईपण काही बोलायची नाही.’ भूतकाळ कामात शिरतो तो असा. रडून, कोसळून क्वचितच. बहुतेकदा रेकॉर्डिंगमधल्या एका गाळलेल्या माणसातून. तो दिसायला समोर कुणीतरी ते पान नीट वाचणारं लागतं. वीस-पंचवीस विद्यार्थ्यांमागे एक सुपरव्हायझर आणि फायलीवर नुसती सही, असं असेल तर ते कुणालाच दिसणार नाही. याबद्दल त्या मजकुरात अवाक्षर नाही.

क्लायंट किंमत मोजतो, हे मात्र मान्य, शंभर टक्के. म्हणूनच ही चाळणी मला धोक्याची वाटते. प्रश्नावली स्वतःच भरायची असते, ‘नाही’वर खूण करायला काय लागतं? अशा घरांत वाढलेली मुलं घरातलं बाहेर न सांगण्यात लहानपणापासून तयार असतात. खरं लिहिणारा बाहेर जाईल, लपवणारा आत येईल, आणि दोन वर्षं सुपरव्हायझरपासूनही लपवत राहील. जे बोललंच जात नाही त्यावर काम कसं करणार? (सोसलं म्हणजे आपोआप दुसऱ्याचं कळतं, हा उलटा गोड समजही तितकाच पोकळ. ‘मला माहितीये तुला काय वाटतंय’ म्हणून समोरच्याचं बोलणं अर्ध्यात तोडणारे मी पुष्कळ पाहिलेत.)

राहिलं ते ‘आधी बरे व्हा’. बरं होण्याचा दाखला कोण देणार आणि कुठल्या तारखेचा? कुणाला समुपदेशन लागेल, कुणाला एखादं सत्र थांबावं लागेल, कुणाला ठरावीक प्रकारच्या केसेस काही काळ नकोत. ते विद्यार्थ्याशी बोलून ठरवता येतं, आणि कुणी हे काम खरंच करू शकत नसेल तर तेही तिथेच, कामातच दिसतं. त्या मुलीला मी ती केस सोडायची का, असं विचारलं होतं. तिने दोन दिवस मागितले. मग पुन्हा त्या घरी गेली आणि या वेळी आईशेजारी जाऊन बसली. रेकॉर्डिंगमध्ये आईची चार वाक्यं होती. पहिलं होतं, ‘तुम्ही मागच्या वेळी माझ्याकडे बघितलंच नाहीत.’