खुलासा : फिजिक्स विभागात फक्त अणूच फोडतात?

प्रवेशाच्या दिवसांत एक मेसेज फिरतो आहे : ‘फिजिक्स विभागात नुसतं अणू-कणांचं संशोधन, डीएनए, तारे वगैरे दुसऱ्या विभागांत.’ उदाहरण म्हणून केंब्रिजची कॅव्हेंडिश प्रयोगशाळा दिली आहे. नेमकं हेच उदाहरण चुकलं.

कॅव्हेंडिश म्हणजे केंब्रिज विद्यापीठाचा भौतिकशास्त्र विभाग. इलेक्ट्रॉन (1897) आणि न्यूट्रॉन (1932) तिथलेच, हे खरं. पण 1953 मध्ये वॉटसन आणि क्रिक यांनी डीएनएची रचना मांडली तीही याच विभागात. ते दोघं ज्यात होते तो ब्रिटनच्या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेचा गट तिथेच काम करत होता. क्ष-किरणांनी स्फटिकाची रचना शोधायची विद्या मुळात भौतिकशास्त्रज्ञांची, आणि विभागाचे प्रमुख होते त्यातलेच दिग्गज लॉरेन्स ब्रॅग. क्रिकही शिक्षणाने भौतिकशास्त्राचेच. अर्थात, ज्यावर बरंच अवलंबून होतं ते रोझलिंड फ्रँकलिन यांच्या गटाचं क्ष-किरण छायाचित्र लंडनच्या किंग्ज कॉलेजातलं. तेही केंब्रिजच्या नावावर खपवू नये.

ताऱ्यांचं म्हणाल, तर पहिला पल्सार (ठरावीक अंतराने रेडिओ लहरींचे ठोके देणारा, वेगाने फिरणारा तारा) 1967 मध्ये याच विभागाच्या रेडिओ दुर्बिणीवर सापडला. तो टिपला जोसलिन बेल या संशोधक विद्यार्थिनीने. 1974 चं नोबेल मात्र तिचे मार्गदर्शक ह्युइश आणि तिथल्या रेडिओ खगोलशास्त्र गटाचे प्रमुख राइल यांना मिळालं!